चार नंबर खाटेलगतच्या बेसिनावरील स्वारी

समस्त हात धुणारे, हात धुतले ऐसे नुसते सांगणारे, आणि नाक वाहिले की औषधाच्या दुकानात जाऊन 'जरा स्ट्राँग द्या' म्हणोन गोळी नेणारे, या तिन्ही जमातींस दंडवत करोन कळविणे ऐसीजे. इस्पितळाच्या अतिदक्षता विभागात जे युद्ध जाहले त्याची हकीकत लोक भलतीच सांगतात, आणि इस्पितळाचे मॅनेजर तर युद्ध जाहलेच नाही ऐसे म्हणतात. सबब जे घडले ते मुळापासोन, कोणाची भीडमुर्वत न धरिता, लिहोन ठेविले आहे. ज्यांस झोंबेल त्यांनी खुशाल मागे लागावे, परंतु हात धुवोन लागावे.

प्रथम गनिमाची पैदास सांगणे अगत्य. क्लेबसिएला नामे जंतू हा मूळचा गरीब रयत. माणसाच्या आतड्यात वस्ती करोन, मिळेल ते खाऊन, कोणाच्या अध्यात ना मध्यात ऐसा नांदत होता. मग अँटिबायोटिक नामे तोफखाना निघाला आणि त्याने लक्षावधी जीव वाचविले, त्यात वाद नाही. परंतु तोफ हाती आली म्हणोन माणसे डासावरही तोफ डागू लागली. पोर शिंकले, डागा तोफ. जुलाब जाहले, डागा तोफ. डॉक्टरांस ठाऊक की सर्दीपुढे ही तोफ फुसकी, परंतु तोफ न डागिता घरी धाडिले तर रोगी शेजारच्या डॉक्टराकडे जातो, म्हणोन जाणते डॉक्टरही डागीत आणि वर मान करोन बोलत. आणि रोग्यांची रीत ऐसी की थोडे बरे वाटले की उरल्या गोळ्या कपाटात ठेवाव्या आणि मेव्हण्यास ताप आला की त्यास द्याव्या. येणेप्रमाणे गनीम अर्धामुर्धा मारिला जाई, आणि जो अर्धा वाचे तो तोफेची चाल ओळखोन, लेकरांस शिकवोन, शेजारच्या जंतूंसही ती विद्या फुकट वाटोन, ऐसा तयार जाहला की तोफ धडाडली तरी कूस बदलीना. रयतेस शिपाई कोणी केले म्हणाल तर आपणच केले. दुसऱ्यावर ढकलावयास जागा नाही.

आता गडाचे वर्णन. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर आयसीयू. आत दुतर्फा खाटा, प्रत्येक खाटेशिरी यंत्रे, ती अष्टौप्रहर टुकटुक करीत, आणि कोणते टुकटुक प्राणसंकटाचे व कोणते नुसता बोटास लाविलेला मापाचा चिमटा निसटल्याचे, हे सिस्टर लोक मान न वळविता ओळखीत. गडाचे धनी थोरले डॉक्टर. बहुत हुशार, खरेच हुशार, यमाच्या हातून रोगी हिसकोन आणीत. परंतु आपलेही चुकते ही बातमी त्यांजपर्यंत नेणारा जासूद इस्पितळाने कधी नेमिलाच नव्हता. गडाची कारभारीण मोठ्या सिस्टर, ज्यांनी नुसते चष्म्यावरोन पाहिले तरी शिकाऊ डॉक्टरांचे हात खिशातून बाहेर येत. तळघरात प्रयोगशाळा, आणि तेथे जंतू वाढवोन त्यांची जात ओळखणारी डॉक्टरीण, जिला वरचे लोक पाठीमागे जंतूबाई म्हणत, आणि तिजला ते ठाऊक होते.

आणि गडाच्या मधोमध, तीन नंबर व चार नंबर खाटांच्या बेचक्यात, बेसिन. हे बेसिन साधे नव्हे. उद्घाटनासमयी खुद्द मॅनेजरांनी दुकाने पालथी घालोन पसंत केलेले, पांढरे शुभ्र, पसरट, खोली म्हणाल तर जेवणाच्या ताटाएवढी. त्यावर बगळ्याच्या मानेसारखा उंच नळ, आणि नळाची धार नेमकी मधल्या जाळीच्या भोकावर पडे. फोटोत बहुत देखणे दिसे, म्हणोन इस्पितळाच्या माहितीपत्रकावर पहिल्या पानी तेच छापिले होते. हात धुवावयाचे भांडे हात धुवोन पाहोन घ्यावे, हे मॅनेजरांस सुचले नाही, आणि ज्यांस रोज हात धुणे होते त्यांस कोणी विचारिले नाही.

त्या बेसिनाचा रिवाजही सांगणे जरूर. घाण पाणी टाकावयाची मोरी कॉरिडॉरच्या पार टोकास, मोडक्या खाटांच्या ढिगामागे. तेथवर जाऊन यावे तोवर इकडे दोन यंत्रे बोंबलत. म्हणोन जे काही उरेल ते बेसिनात जाई. सलाइनच्या बाटलीतील उरले पाणी बेसिनात. अँटिबायोटिकच्या बाटलीत तळाशी राहिलेला अंश बेसिनात. नळीने पाजावयाचे डब्याचे दूध उरले, बेसिनात. आणि थोरले डॉक्टर राउंडास निघत ते हाती चहाचा कप घेऊनच निघत, आणि तीन नंबर खाटेपाशी येईतो चहा गार होई, मग अर्धा कप तेथेच उपडा करीत आणि कप शिकाऊ डॉक्टराच्या हाती देत. कोणी कोणास टाका म्हणाले नाही, टाकू नका म्हणाले नाही. रिवाज ऐसेच पडतात.

ऐशा गडावर चार नंबर खाटेस एक निवृत्त बस कंडक्टर दाखल जाहले. आतडे फुटोन पोटात पू जाहला होता, तो शस्त्रक्रियेने काढिला, परंतु मागोमाग छाती भरली, म्हणोन गळ्यास भोक पाडोन नळी बसविली आणि श्वास यंत्राच्या स्वाधीन केला. नळीमुळे वाचा बंद. ज्या गृहस्थाने उभा जन्म गर्दीवर ओरडण्यात घालविला त्यास मुके होऊन छताचे पत्रे मोजीत पडावे लागले. लिहावयास पाटी दिली, परंतु हातास सूज, बोटास चिमटा, लिहिले ते हृदयाच्या आलेखासारखे दिसे, आणि एका शिकाऊ डॉक्टराने ते आलेख समजोन फाइलीत लाविले. मग कंडक्टरांच्या कुटुंबाने, जिला सारे काकू म्हणत, घरून स्टीलचा चमचा आणोन त्यांच्या उजव्या हाती दिला आणि मोठ्या सिस्टरांस समजाविले, "एक ठोका म्हणजे थांबा. दोन म्हणजे जाऊ द्या. घरीसुद्धा असंच आहे, जेवताना एक वाजवला की मी वाढत नाही."

सिस्टर म्हणाल्या, "आणि तीन वाजवले तर?"

"तर भांडण."

त्या दिवसापासोन चार नंबरचा कारभार खाटेच्या कठड्यावर चमच्याने चालो लागला. सुई बोचली, एक ठोका. उशी नीट जाहली, दोन. यंत्रावरचा भार उतरत होता, कंडक्टर मधोनमधोन आपल्या दमाने श्वास घेत होते, आणि काकूंनी घरी त्यांची खोली पुसोन घेतली होती.

तो अकस्मात गनिमाने छापा घातिला. तीन नंबर खाटेवर एक आजी होत्या. खुबा मोडोन आल्या, बऱ्या जाहल्या, आता साध्या वॉर्डात जाणार म्हणोन लेकाने नवी काठी आणोन खाटेस टेकविली होती. त्यांस ताप भरला, रक्तात गनीम सापडला, तोफेमागोन तोफ डागिली, गनीम जागचा हलला नाही, आणि आजी गेल्या. कागदावर मृत्यूचे कारण लिहिले, हृदय बंद पडले. हृदय शेवटी सर्वांचेच बंद पडते. ते का पडले हे लिहावयाचे असते. परंतु खरे लिहावे तर इस्पितळाचे नाव खराब होते, सबब सारा आरोप हृदयावर लोटिला, जे उलट बोलणार नव्हते. काठी लेकाने परत नेली.

मग त्याच तापाने पाच नंबर पडला, मग सात नंबर, आणि जंतूबाई, ज्या एरवी फोनवरोन अहवाल सांगत, त्या स्वतः जिना चढोन वर आल्या, तेव्हांच सर्वांनी ओळखिले की प्रकरण साधे नव्हे. त्यांनी जाहीर केले की तिन्ही ठिकाणी गनीम एकच, एकाच घरचा; तोफखान्यातील सर्व तोफा त्यापुढे निकामी; एक जुनी तोफ राहिली आहे, परंतु ती डागिली असता गनिमाबरोबर आपल्याच माणसाची मूत्रपिंडे जळतात.

थोरल्या डॉक्टरांनी तात्काळ आपल्या दालनी खलबत भरविले. तेथे डॉक्टरांनी सिस्टरांस दोष दिला, सिस्टरांनी शिकाऊ डॉक्टरांस दिला, शिकाऊ डॉक्टरांनी नातेवाइकांस दिला, आणि नातेवाईक खलबतास बोलाविलेच नव्हते, म्हणोन दोष तेथेच मुक्कामास राहिला.

मग पहिली मोहीम नातेवाइकांवर निघाली. पिशव्या, चपला, रुमाल, डबे, सर्व दाराबाहेर. काकूंचा चमचाही गनिमाचा हेर म्हणोन जप्त जाहला आणि पिशवीत घालोन तळघरी रवाना जाहला. कंडक्टर रिकामी मूठ हवेतच तीन तीनदा आपटीत राहिले. जंतूबाईंनी चमचा तपासिला, निर्दोष ठरविला, उकळोन परत धाडिला, आणि बरोबर निरोप दिला, "आख्ख्या मजल्यावर ही एकच वस्तू स्वच्छ निघाली. सांभाळून वापरा."

दुसरी मोहीम पडद्यांवर. खाटांमधील पडदे टराटरा उतरविले, तेणेकरोन रोग्यांची लाज गेली, गनीम गेला नाही.

तिसरी मोहीम सर्वांत थोर. थोरल्या डॉक्टरांनी हुकूम काढिला, की गडात शिरणारा, निघणारा, रोग्यास शिवणारा, न शिवणारा, लहान मोठा, प्रत्येकाने बेसिनापाशी जाऊन, साबण लावोन, कोपरापर्यंत हात धुवावे, आणि जो कसूर करील त्याची गय होणार नाही. बेसिनापाशी एक शिकाऊ डॉक्टर पहाऱ्यास उभा केला. मग काय वर्णावे. बगळामानी नळ दिवसभर खळखळो लागला, साबणाच्या बाटल्या रिकाम्या होऊ लागल्या, खुद्द डॉक्टरसाहेब दिवसातून अनेकवार धूत आणि धुताना चौफेर पाहात, की लोक पाहातात ना. हात धुणे हे पुण्यकर्मच, त्यास हसणारा मूर्ख. परंतु जसजसे अधिक धुतले तसतसा गनीम अधिक पसरला. आठ नंबर पडला. दोन नंबर पडला. साहेबांची मर्जी खप्पा जाहली, आणि त्यांनी हुकूम काढिला की आणखी धुवावे.

इकडे चार नंबरवर नवीच कटकट उपजली. कोणी नळ सोडिला की कंडक्टर कठड्यावर एक ठोका मारीत. सिस्टर धावोन येत, सुई पाहात, नळी पाहात, सर्व ठीक. पुन्हा नळ, पुन्हा ठोका. चमच्याने बेसिनाकडे दाखवीत. शिकाऊ डॉक्टर म्हणाला तहान लागली, आणि ओल्या कापसाने ओठ पुसले. कंडक्टरांनी एक ठोका मारिला. दुसरा म्हणाला हात धुवावयाचे आहेत, आणि हात धुवोन दिले. एक ठोका. मग थोरले डॉक्टर आले, डोळ्यांत विजेरी मारोन पाहिले आणि निदान केले की यास भ्रम जाहला आहे, आयसीयूत पडोन पडोन माणसास होतो, आणि नळी उपसील या भयाने दोन्ही हात मऊ पट्टीने कठड्यास बांधविले. चमचा उशालगत ठेविला. सत्तर वर्षांचा माणूस खरे सांगत होता, आणि शिकलेल्या लोकांनी त्यास पट्टीने गप्प केले. भ्रम कोणास जाहला होता ते पुढे येईलच.

दोन दिवस गेले नाहीत तो कंडक्टरांस ताप चढला, छातीत गनीम सापडला, उतरलेला यंत्राचा भार पुन्हा चढला. जुनी तोफ बाहेर काढिली. आता छातीत गनीम मरतो की आधी मूत्रपिंडे जातात, ऐसी शर्यत लागली.

तेव्हां मॅनेजर पुढे सरले. त्यांनी मसलत सांगितली, की चार नंबरचा रोगी 'अधिक सुसज्ज केंद्री' हलवावा. मेला तर तेथे मरेल, जगला तर आपण वेळेवर हलविला म्हणोन जगेल, दोन्ही बाजूंनी नाव राहील. गनीम बरोबर त्या दुसऱ्या इस्पितळी जाईल, याचा विचार मसलतीत नव्हता. अँब्युलन्स दाराशी लागली आणि काकूंस सहीस बोलाविले.

काकू म्हणाल्या, "आधी मी त्यांना विचारते."

मॅनेजर म्हणाले, "काकू, ते बोलू शकत नाहीत."

"चाळीस वर्षं बोलू शकत होते तेव्हाही मीच सांगायचे त्यांना काय हवंय ते."

ऐसे म्हणोन काकू आत गेल्या. पहाऱ्याच्या शिकाऊ डॉक्टराने हुकुमाप्रमाणे त्यांस बेसिनापाशी उभे केले. काकूंनी नळ सोडिला, साबण लाविला, आणि खंगाळता खंगाळता नवऱ्याकडे पाहिले. तो काय पाहातात, धार भोकावर पडताच कंडक्टरांनी डोळे गच्च मिटले आणि मान पलीकडे वळविली, जसा उघड्या खिडकीशी बसलेला उतारू सर आली की वळवितो. गालावर पाण्याचे बारीक कण. गळ्याच्या नळीवर कण. काकूंनी नळ बंद केला. कंडक्टरांनी डोळे उघडिले. काकूंनी नळ सोडिला. डोळे मिटले. मग त्यांनी ओल्या हातीच हातांच्या पट्ट्या सोडविल्या, चमचा मुठीत दिला आणि नळ पुन्हा सोडिला. एक ठोका. बंद केला. दोन ठोके. आणि काकूंनी पदराने तो गाल टिपला, कारण जे कण गालावर होते ते त्यांनीच आता उडविले होते.

त्या तशाच थोरल्या डॉक्टरांपुढे जाऊन ठाकल्या. साहेब मॅनेजरांशी बोलत होते, हाती कप होता.

"डॉक्टर, यांचं तोंड रोज ओलं असतं. मला वाटायचं घाम असेल. एकदा वाटलं रडतायत, तर मी रागावले त्यांच्यावर. ते तुमच्या नळाचं पाणी आहे."

साहेब म्हणाले, "काकू, खाट लांब आहे. एवढं पाणी उडत नाही."

"मग झोपा तिथे."

आणि आजींची रिकामी तीन नंबर खाट दाखविली. साहेबांनी सभोवार पाहिले. हुकूम देणारे बहुत जन्मतात, हुकूम ऐकोन खाटेवर चढणारे विरळा. थोरले डॉक्टर त्या क्षणी चढले, हे त्यांच्या बाजूने लिहिणे न्याय्य.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बूट खाली, साहेब. चादर धुतलेली आहे."

साहेबांनी पाय खाटेबाहेर काढिले आणि उशीवर मान टेकविली. मोठ्या सिस्टरांनी नळ सोडोन, हुकुमात लिहिल्याप्रमाणे, कोपरापर्यंत, एकही कलम न गाळिता हात धुतले. टप. साहेबांच्या चष्म्याच्या डाव्या भिंगावर एक थेंब. मग उजव्या भिंगावर. मग ओठावर.

साहेब उठले नाहीत. म्हणाले, "परत धुवा."

परत धुतले. परत थेंब. चार नंबरवरोन एक ठोका पडला, आणि या वेळेस त्याचा अर्थ कोणी कोणास विचारिला नाही.

जंतूबाईंस बोलावणे गेले. त्या येताना अंधारात चमकणारा हिरवा रंग घेऊन आल्या, तो बेसिनाच्या जाळीतून भोकात ओतिला, खिडक्यांस चादरी लाविल्या, नळ सोडिला आणि जांभळी विजेरी फिरविली. हिरवे ठिपके कोठे म्हणोन नव्हते. चार नंबरच्या उशीवर, गळ्याच्या नळीवर, ज्या ट्रेत सिस्टर सुया भरोन ठेवीत त्या ट्रेवर, साहेबांच्या कॉलरवर, आणि मॅनेजर गंमत पाहावयास पुढे वाकले होते त्यांच्या टायवर. मॅनेजर टाय झटकू लागले. जंतूबाई म्हणाल्या, "झटकू नका, पसरेल." मग त्यांनी भोकात लांब काडी घालोन नमुना नेला, आणि तळघरात वाढविला तो निघाला तोच गनीम, त्याच घरचा, आजींच्या रक्तातला. गड चोहोंकडून लढविला, आणि गनीम मधोमध, भोकाखाली हातभर अंतरावर, पाइपाच्या वाकणात, मजेत छावणी देऊन बसला होता.

अहवाल घेऊन जंतूबाई वर आल्या आणि पुसिले, "हात धुण्याशिवाय या बेसिनात आणखी काय टाकता?"

मोठ्या सिस्टर खोटे बोलत नसत. म्हणाल्या, "सगळंच."

"सगळंच म्हणजे?"

"उरलेलं सलाइन. उरलेलं अँटिबायोटिक. डब्याचं दूध. आणि..." ऐसे म्हणोन त्यांनी चष्म्यावरोन साहेबांच्या कपाकडे पाहिले.

जंतूबाई म्हणाल्या, "म्हणजे दूध आणि चहा घालून पोसलं, औषध दाखवून शिकवलं, आणि हात धुवायच्या निमित्ताने दिवसभर नळ सोडून बाहेर काढलं. मला एवढी निगा माझ्या प्रयोगशाळेत राखता येत नाही."

साहेबांनी कप पाहिला. पुढे टाकावा तर बेसिन, मागे ठेवावा तर जागा नाही. तो कप हाती तसाच धरोन त्यांनी, अहवाल येईतो दाराशी थांबविलेली अँब्युलन्स परत धाडिली.

आता बेसिनास वेढा पडला. प्रथम ब्लीच ओतिले. काही दिवसांनी नमुना घेतला, गनीम हजर. उकळते पाणी ओतिले, हजर. पाइपाच्या आतून त्याने चिकट गिलावा केला होता आणि त्या तटाआड बसोन तो सर्व मारा पचवीत होता. जंतूबाईंनी सांगितले, उपटल्यावाचोन सुटका नाही. मॅनेजर म्हणाले, दोन दिवस खाटा झाकोन गुपचूप बदलू, बाहेर कळावयास नको. आयसीयू बंद केले तर लोक विचारतील का बंद केले.

थोरले डॉक्टर म्हणाले, "विचारू देत. सांगू."

मॅनेजर म्हणाले, "काय सांगणार?"

"जे झालं ते."

या दोन उत्तरांस जो खर्च आला तो सर्व तोफांस मिळोन आला नव्हता. आयसीयूवर पाटी लागली, नवे रोगी घेणे बंद, असलेले रोगी शस्त्रक्रियागृहाशेजारील खोलीत हलविले, कंडक्टर चमच्यासहित हलले. आजींच्या लेकास साहेबांनी स्वतः बोलाविले, कागद बदलला आणि मरणाचे खरे कारण तोंडाने सांगितले. लेक ऐकोन घेऊन इतकेच म्हणाला, "आता हे घेऊन मी काय करू?" तरी सांगणे भाग होते, आणि आधीच सांगितले असते तर दोन नंबर व आठ नंबर कदाचित पडते ना.

मग नळवाला छिन्नी हातोडा घेऊन चढला आणि बेसिन भिंतीवेगळे केले. वाकणाचा पाइप उघडिला तो आतून काळा लोळा घसरला, त्यात केस, सुईचे टोपण आणि बिस्किटाचा तुकडा. चहासवे बिस्किट कोण खात असे ते सर्वांस ठाऊक होते. पाइप भिंतीपर्यंत कापोन बूच मारिले, वर गिलावा केला. हात चोळावयाचे औषध प्रत्येक खाटेस टांगिले, आणि धुवावयासाठी बाहेर दाराशी, खाटांपासोन लांब, खोल भांडे बसविले, ज्यात धार भोकावर न पडता बाजूस पडते आणि जे फोटोत बहुत वाईट दिसते. घाण पाण्याच्या मोरीपुढील मोडक्या खाटा अखेर हलविल्या. जुने बेसिन दुहेरी पिशवीत घालोन मागल्या जिन्याने उतरविले, तो जिन्यात मॅनेजर भेटले आणि म्हणाले, "चांगलं आहे हो, फेकता कशाला? कुठेतरी बसवू."

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तुमच्या केबिनमध्ये बसवा. टेबलाला लागून."

बेसिन फोडिले.

इकडे शर्यत चालोच होती. कंडक्टरांची लघवी कमी जाहली, मग अगदी थोडी जाहली, काकू पिशवीतील खूण पाहात बसत आणि डॉक्टरांचे तोंड पाहात नसत. मग एके दुपारी पिशवी भरो लागली. ताप उतरला. छाती मोकळी होत गेली, यंत्राचा भार उतरला, आणि एके दिवशी नळीच काढोन गळ्यास पट्टी लाविली. आवाज फाटका आला. पहिले वाक्य काय बोलतात म्हणोन सारे जमले. कंडक्टर काकूंस म्हणाले, "रडत नव्हतो मी."

काकू म्हणाल्या, "कळलं. आता बोलू नका, घसा दुखेल." आणि पदराने आपलेच डोळे पुसले.

अखेर रवानगीचा दिवस. आयसीयू पुन्हा उघडले होते, आणि जाण्याआधी सर्वांस भेटावे म्हणोन कंडक्टरांस चाकाच्या खुर्चीत बसवोन तेथे नेले. हाती चमचा होताच. थोरले डॉक्टर राउंडात होते, कप हाती होता, चहा गार जाहला होता. तीन नंबर खाटेपाशी पोहोचताच त्यांचा हात सवयीने वळला, कप कलला, आणि समोर बेसिन नाही, नुसती गिलाव्याची भिंत. मग तो हात तसाच खाली, खाटेखालच्या कचऱ्याच्या बादलीकडे उतरो लागला.

चाकाच्या खुर्चीच्या दांड्यावर एक ठोका पडला.

साहेब थबकले. मोठ्या सिस्टर चष्म्यावरोन पाहात होत्या. कंडक्टरही पाहात होते, जसे बिनतिकिटाच्या उतारूकडे पाहावे. साहेबांनी कप सरळ केला आणि तो गार चहा, उभ्या उभ्या, तोंड वाकडे करीत, तळापर्यंत स्वतः प्याला.

येणेप्रमाणे गड फत्ते जाहला. गनीम निर्वंश जाहला नाही. तो पाइपातून खाली उतरोन गटारात आहे, कपाटातील उरल्या गोळ्यांत त्याची उमेद आहे, आणि फोटोत देखण्या दिसणाऱ्या पुढील बेसिनाची तो वाट पाहात आहे. ज्या आजी गेल्या त्या फत्तेच्या हिशेबी धरू नयेत. बाकी ज्याचे त्यास देणे, म्हणोन नमूद केले, की तोफांनी नव्हे, हुकुमांनी नव्हे, स्टीलच्या एका चमच्याने गड राखिला. कप रिकामा जाहला, दोन ठोके पडले, आणि खुर्ची पुढे निघाली.